सातवा पदार्थ

घरातील किराणा आणण्याचे काम माझ्याकडे आले त्यास माझ्या अंगचा कोणताही गुण कारणीभूत नसून, सदाशिव पेठेतील आमच्या बिऱ्हाडाहून वाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर वाचनालय लागते आणि तेथे मी रोज सायंकाळी जातोच, एवढा एकच भौगोलिक योगायोग त्याच्या मुळाशी आहे. प्रारंभी या कामाचा शिरस्ता मोठा चोख होता. महिन्याच्या पहिल्या तारखेस सौभाग्यवती एकेक डबा हलवून, त्याच्या आवाजावरून आतील शिल्लक अजमावीत जिनसांची नावे उच्चारी, आणि मी माथ्यावर 'श्री' घालून, पहिली ओळ हळदीस देऊन, एखाद्या मुरब्बी कारकुनाच्या ऐटीत फेरिस्त तयार करी. ती फेरिस्त मी कोटाच्या खिशात ठेवी, आणि दुकानात पोहोचल्यावर ध्यानात येई की अंगात आहे तो दुसरा कोट.

१९५८ च्या ऑक्टोबरात सरकारने दशमान वजने चालू केली, तेव्हा तर या कारभारात नवीनच कज्जे उत्पन्न झाले. सौभाग्यवतीचा हिशेब ऐंशी तोळ्यांच्या शेरातून तसूभरही हलावयास तयार नव्हता. ती अच्छेर सांगे, वाणी अर्धा किलो बांधी, आणि मधल्या सुमारे ३३ ग्रॅमांची कैफियत मला द्यावी लागे.

तथापि वजनांपेक्षा शब्दांनी मला अधिक पेचात घातले. घरातील जिन्नस 'संपला' असे म्हणणे अशुभ, म्हणून तो 'वाढला' म्हणावे, ही आपल्याकडील जुनी रीत मला ठाऊक नव्हती असे नाही, परंतु एके दिवशी मी वृत्तपत्र वाचीत असता स्वयंपाकघरातून "अहो, साखर वाढलीय हं!" असा पुकारा झाला, तेव्हा तो बाजारभावासंबंधी असावा असे मानून, मी काटकसरी गृहस्थास शोभेल अशा निग्रहाने त्या दिवशी साखर घेण्याचे टाळले. रात्रीच्या गाडीने सासरे आले. त्यांना गुळाचा चहा मिळाला, आणि मला जे मिळाले त्याचा तपशील येथे देण्याचे कारण नाही.

या आपत्तींवर विचार करता करता मला महाविद्यालयात कसाबसा वाचलेला अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' आठवला. वैशेषिकांच्या मते जगात पदार्थ सात, आणि त्यांतील सातवा अभाव. पण गंमत अशी की, खुद्द कणादमुनींनी गणना केली ती सहांचीच. सातव्याची भर पुढच्या पंडितांनी घातली. ज्या महर्षीने अणूपर्यंत विचार नेला त्यालाही यादीतील शेवटचा पदार्थ राहून गेला, हे कळल्यापासून त्यांच्याविषयी माझ्या मनात केवळ आदर नसून आपलेपणा आहे. (आणि शेतात सांडलेले कण वेचून ते उदरनिर्वाह करीत, अशी जी त्यांच्या नावाची उपपत्ती सांगतात, तीमागील कारणही मला अंधुक दिसू लागले आहे.) अभावाचे चारही प्रकार आमच्या फडताळात नांदतात. आणावयाच्या राहिलेल्या जिऱ्याचा प्रागभाव, उडालेल्या तुपाचा प्रध्वंसाभाव, बदाम-केशराचा अत्यंताभाव. आणि जिऱ्याऐवजी मी शहाजिरे आणले, त्या सायंकाळी जिरे म्हणजे शहाजिरे नव्हे, हा अन्योन्याभाव सौभाग्यवतीने, तर्कशास्त्राचा गंध नसताना, मला अवघ्या दोन वाक्यांत पटवून दिला.

गेल्या आठवड्यात मात्र मी निश्चय केला. जिन्नस सात होते. कागद न घेता, ते बोटांवर घोकीत मी निघालो. वाचनालयात पाय टाकला नाही. वाटेत भेटलेल्या एका स्नेह्याच्या नमस्कारास नुसती मान हलवून उत्तर दिले, कारण हात उचलावा तर बोटांवरचे तांदूळ आणि पोहे सांडण्याची भीती होती. दुकानात सहा नावे धडाधडा उच्चारली, आणि सातव्या बोटाशी येऊन थांबलो. ते बोट रिकामे होते. वाण्याने मोठ्या सभ्यतेने छताकडे पाहिले.

घरी येऊन पिशवी ठेवतो तो ओट्यावर हिंगाची पुडी. "हा कोणी आणला?"

"दुकानातला पोऱ्या देऊन गेला. तुम्ही चपला घालत होतात तेव्हाच शेजारच्या बंडूबरोबर चिठ्ठी पाठवली होती मी."

"चिठ्ठीत काय होते?"

"हिंग."

"मग मला कशाला पाठवलंस?"

"अहो, बाकीचे सहा कोण आणणार?" असे म्हणून तिने पिशवी उपडी केली आणि मोजू लागली. पाच भरले.