पांढरीवरचं टिंगटिंग

अहो वैनी, जरा कुपाटीपाशी या, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाई. मागच्या आळीतलं ते पुण्याहून आलेलं पोरगं बघितलं का? हातात काठी, काठीच्या टोकाला ताटाएवढी चकती, कानाला हेडफोन. मला आधी वाटलं, फवारणी करायलंय. तर म्हणे मेटल डिटेक्टर! ऑनलाइन मागवलाय. आईनं गव्हाला पाणी द्यायला धाडलं, तर हे बांधाबांधानं टिंगटिंग करत हिंडायलंय.

व्हिडिओ बघितलाय त्यानं इंग्लंडातला. तिकडं स्टॅफर्डशायर म्हणून मुलूख हाय. 2009 साली एका माणसाला नांगरलेल्या रानात असंच मशीन फिरवताना सोन्याचा ढीग घावला. किंमत झाली बत्तीस लाख पौंडांच्या वर. निम्मे त्याला, निम्मे शेतमालकाला. हे कळल्यापासून त्याचा मामा रोज चहाची किटली घेऊन बांधावर हजर! हाच मामा म्हणायचा, नोकरी सोडून आलंय, बिनकामाचं.

आन् आजवर घावलं काय? रोटावेटरची तुटकी पाती, काटेरी तार, बैलाच्या पायाच्या झिजलेल्या पत्र्या. आन् बाटल्यांची झाकणं, ढीगभर. ती कुणाच्या बैठकीतली, ते तुम्हाला बी ठाऊक, मला बी.

मी त्याला इचारलं, बाबा, कळतं कसं ह्याला? म्हणला, काकू, चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज सोडली की खालच्या धातूत बी जराशी वीज फिरती, अन् ती वर चकतीला कळती. पण एकटं नाणं वीतभर खोल असलं तरच. त्याच्या लई खाली गेलं की मशीन मुकं. म्हणजे म्हातारी माणसं सांगायची तो सात हात खालचा हंडा काय ह्याला दिसत नाई.

हंड्यावरनं आठवलं. पूर्वी पायाळू माणूस धरून आणायचे, बोटाला काजळ लावून त्याला बघायला लावायचे. गुप्तधनापायी काय काय केलं लोकांनी, तोंडानं सांगवत नाई. 2013 सालच्या जादूटोण्याच्या कायद्यानं त्या अघोरीपणाला चाप लागला. त्यापरीस हे टिंगटिंग बरं, मी तर म्हणते. निदान कुणाचा जीव जात नाई.

पण खरी गोम पुढंच हाय. परवा हा गढीच्या पांढरीवर चढला. तुम्हाला आठवतं ना, माळवदावर टाकायला आपण तिथूनच पांढरी माती आणायचो? टोपल्याटोपल्यातून खापरं निघायची, बांगड्यांचे तुकडे निघायचे. आमच्या ह्यांनी बघितलं आन् तिथूनच हाक मारली, खाली उतर आधी! हे तहसिलात होते ना, कायदा तोंडपाठ. 1878 सालचा कायदा हाय, निखात निधीचा. जमिनीत दहा रुपयांच्या वर किमतीचं काही घावलं की कलेक्टराला लेखी कळवायचं. लपवलं तर वरीसभर कैद होऊ शकती. धनी नाईच निघाला, आन् घावणाऱ्याचं जमीनवाल्याशी काही ठरलेलं नसलं, तर तीन हिस्से घावणाऱ्याला, एक जमीनवाल्याला. पण सरकारला पाहिजे असलं तर सरकार पैसे मोजून घेतं. हे ऐकून मामाची किटली तिथंच थंड झाली.

पोरगं मात्र हटेना. म्हणलं, मग राक्षसभुवनला जातो. गेवराई तालुक्यातलं शनीचं ते. 10 ऑगस्ट 1763 ला माधवराव पेशव्यांनी तिथंच निजामाची फौज बुडवली, निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. शिशाच्या गोळ्या घावतील म्हणे. ह्यांनी इचारलं, आन् कुठली गोळी कुठं पडली ह्याची नोंद कोण ठेवणार, तुझा मामा? उपटून खिशात घातली की ती नुसतं शिसं. मला हे पटलं, वैनी.

तेरला गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलतो तेव्हा तिथलं म्युझियम बघितलं ना आपण? रामलिंगप्पा लामतुरे ह्यांचं नाव हाय त्याला. त्या माणसानं गावच्या पांढरीतलं सातवाहनांच्या काळातलं सगळं गोळा केलं, खापरं, नाणी, मातीच्या बाहुल्या. आन् ते गावातच राहिलं. त्यांच्यापाशी कुठलं आलं होतं मशीन?

तसं एक नाणं घावलंय बरं का पोराला, आपल्याच रानात. मधी भोक पडलेला पैसा, वर मुकुट. हे म्हणाले, 1943 ते 47 मधला, कलदारातला, म्हणजे इंग्रज सरकारचा. आता सांगा, तेव्हा आपण मोगलाईत, निजामाच्या राज्यात. इथं चालायचा निजामाचा हाली सिक्का. मग इंग्रजीतला पैसा आपल्या ज्वारीच्या रानात आला कसा? सासूबाई म्हणायच्या, त्या टायमाला माणसं हद्द ओलांडून नगरकडं कामाला जायची. त्यांतल्याच कुणाच्या तरी कनवटीचा असंल. त्याला बाजारात किंमत कवडीची, पण पोरगं दोन दिवस तेच घेऊन बसलंय, आजीला इचारतंय कोण कोण गेलं होतं तिकडं.

ते जाऊ द्या. मागल्या सुगीला खळ्यात तुमची नथ पडली होती ना? बोलावू का त्याला? घाबरू नका, धनीण जिती हाय, कलेक्टरापर्यंत जायचं काम नाई. पण मामाला कळू देऊ नका, तो तीन हिस्से मागंल.