खेद पावसाचाही वाटतो

१० एप्रिल २०१९. जालियनवाला बागेतल्या गोळीबाराला शंभर वर्षं व्हायला तीन दिवस उरले होते. ब्रिटनच्या पंतप्रधान थेरेसा मे हाउस ऑफ कॉमन्समध्ये बोलायला उभ्या राहिल्या. ब्रिटिश-भारतीय इतिहासावरचा हा लाजिरवाणा व्रण आहे, असं म्हणाल्या. जे घडलं आणि त्यातून लोकांना जे सोसावं लागलं, त्याचा तीव्र खेद वाटतो, असंही म्हणाल्या. विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांनी तिथेच संपूर्ण, स्पष्ट, निःसंदिग्ध माफीची मागणी केली. ती मिळाली नाही. मे यांनी वापरलेलं क्रियापद होतं ‘रिग्रेट’. कॉर्बिन मागत होते ते ‘अपॉलजाइज’.

इंग्रजी शिकताना आपण ही दोन क्रियापदं एका दमात पाठ करतो आणि पुढे आयुष्यभर एकाच्या जागी दुसरं वापरतो. त्यांच्यातलं अंतर ओळखणं सोपं आहे. पाऊस पडला, सामना रद्द झाला, याचा मला खेद वाटू शकतो. पावसाबद्दल मी माफी मागू शकत नाही, कारण पाऊस मी पाडलेला नाही. खेदाला एक घटना पुरते. माफीला तिघं लागतात: ज्याने केलं तो, जे केलं ते, आणि ज्याच्यावर केलं तो. इंग्रजी व्याकरणातच हे आहे. ‘अपॉलजाइज’ म्हटलं की ‘कुणाची?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘रिग्रेट’ला तो प्रश्न कधी पडतच नाही.

आता मे यांचं वाक्य पुन्हा वाचा. ‘जे घडलं.’ काय घडलं? १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या त्या बागेत आपोआप काहीच घडलं नव्हतं. रेजिनाल्ड डायर सैनिक घेऊन आत शिरला. निःशस्त्र जमावाला पांगण्याची सूचनाही न देता त्याने गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसच्या चौकशी समितीचा अंदाज हजाराच्या घरातला. चिलखती गाड्या बागेच्या अरुंद वाटेतून आत नेता आल्या असत्या तर मशिनगनही वापरल्या असत्या, असं डायरने गोळीबाराची चौकशी करणाऱ्या हंटर समितीसमोर स्वतः सांगितलं. इतका स्पष्ट कर्ता असलेलं कृत्य क्वचितच सापडेल. ‘रिग्रेट’ने नेमका तोच कर्ता वाक्यातून काढून टाकला.

हे अनवधानाने झालेलं नाही. आदल्याच दिवशी, ९ एप्रिलला, वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये याच विषयावर चर्चा झाली होती. परराष्ट्र खात्याचे मंत्री मार्क फील्ड यांनी तिथे सांगितलं की, कोणत्याही खात्याला माफीचा विचार करताना तिच्या आर्थिक परिणामांचाही विचार करावा लागतो. म्हणजे क्रियापद निवडताना हिशेबाची वही उघडी होती. फील्ड यांनी ते लपवलं नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पण पैशाचं कारण तरी कितपत टिकतं? केनियाचं उदाहरण घ्या. माऊ माऊ उठाव चिरडताना वसाहतीच्या सरकारने कैद्यांचा छळ केला. त्यातले म्हातारे झालेले पीडित लंडनच्या न्यायालयात गेले. ६ जून २०१३ रोजी परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत तडजोड जाहीर केली: ५२२८ दावेदारांसाठी खर्चासह १ कोटी ९९ लाख पौंड. छळ झाला हे मान्य केलं, पैसे दिले. आणि क्रियापद? ‘रिग्रेट’च. कायदेशीर जबाबदारी मात्र नाकारली. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, राजे चार्ल्स नैरोबीला गेले. त्यांनी अतीव दुःख आणि गहिरा खेद व्यक्त केला. माफी तेव्हाही नाही. तिजोरी उघडली तरी हे एक क्रियापद बाहेर येत नसेल, तर अडचण केवळ पैशाची नाही.

दुसरं कारण काळाचं. डेव्हिड कॅमेरन फेब्रुवारी २०१३ मध्ये पंतप्रधान म्हणून जालियनवाला बागेत आले. अभ्यागतांच्या वहीत त्यांनी हे कृत्य अत्यंत लाजिरवाणं असल्याचं लिहिलं. माफी का नाही, असं विचारल्यावर त्यांचं उत्तर होतं की हे आपल्या जन्माच्या चाळीसएक वर्षं आधीचं आहे आणि इतिहासात मागे जाऊन माफी मागण्याजोग्या गोष्टी शोधत बसणं योग्य नाही.

हे कॅमेरन बोलत होते, म्हणूनच ते जास्त टोचतं. कारण हेच कॅमेरन १५ जून २०१० रोजी संसदेत काय म्हणाले होते ते नोंदलेलं आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी तेरा माणसं मेली, एक नंतर. सॅव्हिल चौकशीचा अहवाल आला तेव्हा कॅमेरन यांनी आडपडदा ठेवला नाही: जे झालं ते असमर्थनीय होतं, आणि सरकारच्या वतीने, देशाच्या वतीने आपण मनापासून क्षमाप्रार्थी आहोत. वाक्यात कर्ता होता, कृत्य होतं, समोरची माणसंही होती. डेरीच्या चौकात पडद्यावर ते भाषण ऐकणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. १९७२ मध्ये कॅमेरन पाच वर्षांचे होते. पाच वर्षांच्या मुलावर डेरीची जितकी जबाबदारी, तितकीच न जन्मलेल्या माणसावर अमृतसरची. दोन्हीकडे बोलत होतं ते राज्य, आणि राज्याला जन्मतारीख लागत नाही.

जन्माचा मुद्दा पूर्ण कोसळतो तो न्यूझीलंडमध्ये. १८६३ मध्ये ब्रिटिश सैन्याने वायकाटोच्या माओरी प्रदेशावर आक्रमण केलं, पुढे जमिनी जप्त झाल्या. ३ नोव्हेंबर १९९५ रोजी राणी एलिझाबेथ यांनी त्या जमातीशी झालेल्या समझोत्याच्या कायद्यावर न्यूझीलंडची राणी म्हणून स्वतः सही केली. त्यात राजसत्तेच्या माफीचा मजकूर आहे. राजसत्ता गाढ खेद व्यक्त करते ‘आणि’ विनाअट माफी मागते, असं तिथे एकाच वाक्यात लिहिलं आहे. खेद म्हटल्याने माफीचं काम भागत नाही हे मसुदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी दोन्ही क्रियापदं मांडली. आक्रमण राणीच्या जन्माच्या त्रेसष्ट वर्षं आधीचं. त्या सहीनंतर दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, हीच राणी जालियनवाला बागेत आली, फुलं वाहिली, स्तब्ध उभी राहिली. माफीचं क्रियापद आलं नाही. अर्थात न्यूझीलंडमध्ये ते क्रियापद राणीकडे चालून आलं नव्हतं. माओरींनी ते पिढ्यान्‌पिढ्या मागितलं होतं आणि वाटाघाटींच्या टेबलावर मिळवलं होतं.

ऑस्ट्रेलियात तर अख्ख्या देशाने या फरकावर दशकभर वाद घातला. मूलनिवासींची मुलं सरकारी धोरणाने आईबापांपासून तोडली गेली, त्याचा चौकशी अहवाल १९९७ मध्ये आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी १९९९ मध्ये संसदेत ठराव आणला. त्यात ‘रिग्रेट’ होतं, माफी नव्हती. मे २००० मध्ये सिडनीच्या हार्बर ब्रिजवरून लाखो लोक समेटासाठी चालले, तेव्हा वर आकाशात विमानाने धुराची अक्षरं काढली: ‘सॉरी’. शेवटी १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत ‘अपॉलजाइज’ हे क्रियापद वापरलं, आणि प्रेक्षक सज्जात बसलेली म्हातारी माणसं रडली. त्यांना लहानपणी उचलून नेलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या खेदाने यातलं काही झालं नव्हतं.

मराठी कानाला हा फरक नवा नाही. ‘दिलगिरी व्यक्त केली, पण माफी मागितली नाही’ हे वाक्य आपल्या राजकारणात कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. ‘दिलगीर’ हा फारसीतून आलेला शब्द. मन खिन्न झालं, एवढंच तो सांगतो. लोकल उशिरा आली की फलाटावर ‘गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’ ऐकू येतं, ते तिथे ठीक आहे. नोकरी नाकारणाऱ्या पत्रातलं ‘रिग्रेट’ही ठीकच, कारण उमेदवाराचा कुणी अपराध केलेला नसतो. ‘माफी मागणे’ यात मात्र ‘मागणे’ आहे. जो मागतो त्याला नाही म्हणता येतं. या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा कडक आहे: ‘आय अपॉलजाइज’ म्हटलं की बोलणाऱ्याच्या बाजूने काम संपतं, माफी मागितली की निर्णय समोरच्याच्या हातात जातो.

याच कारणाने आपल्या पुढाऱ्यांनी ‘तर’ शोधून काढला. ‘माझ्या बोलण्याने कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो.’ यात बोलणं चुकलं असं कुठेच नाही. भावना दुखावल्या की नाही, हेसुद्धा ऐकणाऱ्यानेच सिद्ध करायचं. आणि ही दिलगिरी बातमीच्या मथळ्यात बघता बघता ‘माफी’ होते. ब्रिटनचा खेदही इंग्रजीतून मराठीत येताना तसाच बढती घेतो. ज्याने ते क्रियापद मुद्दाम टाळलं, त्याला आपण ते फुकट बहाल करतो. रिग्रेटचं भाषांतर खेद, अपॉलजाइजचं माफी. यात सवलत नको.

सप्टेंबर २०१९ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी जालियनवाला बागेत आले आणि स्मारकासमोर जमिनीवर पालथे पडले. आपल्याला ब्रिटिश सरकारच्या वतीने माफी मागण्याचा अधिकार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. स्वतःपुरतं मात्र लाज आणि दुःख बोलून दाखवलं. किती बोलायचा आपल्याला अधिकार आहे, हे त्यांनी मोजून पाळलं, आणि त्यातूनच दिसलं की उरलेलं कुणी बोलायचं आहे.

ते कुठे बोलायचं, हेही कॅनडाच्या पंजाबी लोकांनी दाखवून दिलं आहे. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाजातले ३७६ प्रवासी व्हँकुव्हरच्या बंदरात अडवले गेले आणि बहुतेकांना परत पाठवलं गेलं. पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ऑगस्ट २००८ मध्ये सरे इथल्या एका बागेतल्या मेळाव्यात माफी मागितली, तेव्हा समाजाच्या प्रतिनिधींनी तिथल्या तिथे ती नाकारली: संसदेत मागा, नोंदीत येऊ द्या. आठ वर्षं ते मागे हटले नाहीत. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी ती संसदेत मागितली.

वेस्टमिन्स्टर हॉलमधली ९ एप्रिल २०१९ ची चर्चा खासदार बॉब ब्लॅकमन यांनी घडवून आणली होती. मार्च २०२५ मध्ये हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्यांनी सरकारकडे पुन्हा मागणी केली. खेदाची नव्हे, माफीची.