माझी सही कुठाय?

नेसरीत एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर परवा एक गडी कागद फडकावत आला. "144 लागलंय मला!" एकट्या माणसाला जमावबंदी कशी लागते, या चर्चेत पहिला चहा संपला. दुसऱ्या चहाला कुणीतरी कागद वाचला. जमावबंदीचं 144 आता 163 झालंय. 1 जुलै 2024 पासून 144 म्हणजे बायकापोरांची पोटगी. आधी ते 125 होतं, त्याआधी 488. कलमाचा आकडा दोनदा बदलला, पण बापाची सही एकदाही मागितली नाही.

गड्याची तक्रार तीच. "मी कुठं सही केलीया? माझी संमतीच न्हाई, तर कायदा मला लागू कसा?"

याच्या दारात दोन म्हशी आहेत. दहा दिवसांच्या दूधबिलातून पेंडीचे पैसे कापून जातात. एक म्हैस गाभण, आटलेली, थेंब देत नाही. तिच्याही पेंडीचे जातात. तिथं त्यानं डेअरीच्या सचिवाला कधी विचारलं नाही, माझी संमती कुठाय म्हणून. वैरण चुकली तर म्हैस रात्रभर हंबरते, शेजारी बोलतात. पोरगं आजोळी आहे, त्याचा आवाज इथवर येत नाही.

बरं, संमतीवर त्याची श्रद्धा नाही असंही नाही. बायको माहेरी गेली तेव्हा पंचांसमोर तिच्याकडून लिहून घेतलं, 'माझ्या व मुलाच्या पोटगीचा हक्क कायमचा सोडला.' स्टॅम्प पाचशेचा, कारण ऑक्टोबर 2024 पासून शंभरचा चालत नाही. गंमत म्हणजे 2001 पर्यंत केंद्राच्या कायद्यात पोटगीची कमाल मर्यादाही महिन्याला 500 रुपयेच होती.

"पोराची सही कुठाय यावर?" मी विचारलं.

"ते चार वर्साचं हाय."

बायकोनं पोटगी सोडल्याचा असला कागद टिकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलंय. लेकराचा हक्क तर सोडायला आईच्याही हातात नाही. तरी वर जायची हौस असेल तर मुंबईचं भाडं वाचलं, ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे.

मग दुसरा पवित्रा. "मिळकतच न्हाई की!" खरंच नाही. ऊस आईच्या नावावर कारखान्याला जातो, बुलेट भावाच्या नावावर, सातबारावर अजून आजोबा. अशांसाठीच सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये, नागपुरातून गेलेल्या एका प्रकरणात, दोन्ही बाजूंना मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. आणि 2022 मध्ये बजावलं, की धडधाकट असाल तर मजुरी करून द्या. अंतरिम पोटगीचा निकाल नोटीस मिळाल्यापासून 60 दिवसांत, 'शक्यतो', लागावा असं कायदा म्हणतो. त्या 'शक्यतो'वर कितीतरी वकिलांचे बंगले उभे आहेत, पण ते पुन्हा कधीतरी.

1674 साली आमच्या खिंडीत प्रतापराव गुजरांसह सात जण पडले. पाहुण्यांना स्मारक दाखवताना या गड्याची छाती फुगते. सातांनी शिरं दिली त्या गावात आठव्याला लेकराच्या दुधाचे पैसे जड झालेत.

तर गड्या, नीट ऐक. पोटगी थकवलीस तर थकलेल्या प्रत्येक महिन्यामागं एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. सही लागत नाही. आणि आत बसलास म्हणून पैसे फिटत नाहीत. बाहेर आल्यावर तेवढंच देणं उभं असतं.