पैसा आणि बँकिंग : एक कैफियत

तुम्ही बी.कॉम. केले असेल तर कुंभार आणि विणकर तुम्हाला ठाऊक असतील. कुंभाराला कापड हवे असते, विणकराला मात्र मडके नको असते, त्याला धान्य हवे असते. धान्य शेतकऱ्याकडे असते आणि त्याला बैल हवा असतो. बैलवाल्याला काय हवे ते कळायच्या आत तास संपतो. गरजांचा दुहेरी मेळ बसत नाही म्हणून माणसाने पैसा शोधला, असे आमचे सर सांगत. पण तो शोध लागायला आमच्या वर्गात अर्धे सत्र गेले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. वार्षिक परीक्षेत पतनिर्मितीवर हमखास प्रश्न असे. कुंभारावर जास्तीत जास्त टीप येई.

या उशिराचे मूळ हजेरीत होते. पंचाहत्तर टक्के हजेरी नसली तर नाव डिफॉल्टर यादीत लागते. त्यामुळे सव्वाशे रोल नंबर एकेक करून पुकारले जात. मध्ये कोणी मित्राच्या नंबरला 'येस सर' म्हणाले की सर थांबत, चष्मा काढत आणि पुन्हा एकपासून सुरू करत. आम्ही इमानदारीने बसणारे लोक होतो. दुसऱ्याने केलेल्या प्रॉक्सीची शिक्षा आम्ही भोगायची, हा न्याय कोणत्या परिनियमात बसतो ते मला कोणी दाखवून द्यावे. हजेरी आटोपली की उरलेल्या वेळात सर म्हणत, "लिहा." मग व्याख्या. क्राऊथर, रॉबर्टसन, वॉकर. स्वल्पविरामासकट. सरांच्या तासाला फळ्याला त्या वर्षात खडू लागला तो फक्त विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडीच्या दिवशी.

तरी डिक्टेशनबद्दल माझी तक्रार दुय्यम आहे. मुख्य तक्रार कागदांबद्दल आहे. ते कागद पिवळे होते आणि घड्यांवर सेलोटेप होती, पण तोही मुद्दा नाही. मुद्दा त्यांवरच्या आकड्यांचा आहे. सरांच्या कागदांत बँक दर १२ टक्के होता, रोख राखीव प्रमाण १५ टक्के आणि वैधानिक रोखता प्रमाण साडेअडतीस टक्के. हे आकडे खोटे नव्हते. १९९१ साली ते तंतोतंत खरे होते. त्याच वर्षी नेमलेल्या नरसिंहम समितीने हा बोजा उतरवा म्हणून सांगितले आणि पुढच्या काळात रिझर्व्ह बँकेने तो उतरवलाही. बातमी आमच्या वर्गापर्यंत पोचली नाही. आम्ही शिकत होतो ते साल २०१६-१७. त्या वेळी बँकांना शंभरातले ४ रुपये रोख राखावे लागत होते, आणि आम्ही वहीत १५ लिहीत होतो.

आता हे साल लक्षात ठेवा, कारण अन्यायाचे खरे परिमाण इथे कळते. पैसा आणि बँकिंग शिकायला त्याच्याइतके चांगले वर्ष कोणाच्या नशिबी येत नाही. ४ ऑक्टोबर २०१६ ला सहा जणांच्या पतधोरण समितीने आपला पहिला निर्णय दिला आणि रेपो दर सव्वासहा टक्क्यांवर आणला. तोवर व्याजदराचा शेवटचा शब्द गव्हर्नरचा असे. एका मुलीने वर्गात हे विचारले. सरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "आपल्याकडे गव्हर्नरच आहे." विषय संपला. मुलगी खाली बसली. पुढे वर्षभर तिने काही विचारले नाही, आणि मी त्याबद्दल सरांना आजही माफ केलेले नाही.

मग ८ नोव्हेंबरची नोटाबंदी आली. चलनातल्या नोटांच्या मूल्यापैकी ८६ टक्के एका रात्रीत बाद झाले. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरले तेव्हा कॉलेजसमोरच्या एटीएमची रांग फाटकाच्या आत आली होती. कँटीनमध्ये दोन हजारची नवी नोट पुढे केली की मालक हात मागे घेई. सुट्टे कुठून आणणार? नोट कायदेशीर होती, गुलाबी होती, आणि तिच्यावर एक समोसा मिळत नव्हता. शेवटी त्याने एक दोनशेपानी वही काढली आणि प्रत्येकाच्या नावावर उधारी मांडायला सुरुवात केली. त्या डिसेंबरात कँटीनवाला हाच आमचा अंतिम ऋणदाता होता. अशा काळात, खिडकीतून रांग दिसत असताना, सर सांगत होते : "पैसा म्हणजे जी वस्तू विनिमयाचे माध्यम म्हणून सर्वसामान्यपणे स्वीकारली जाते ती. लिहा." मागच्या बाकावरच्या एकाच्या खिशात जुनी पाचशेची नोट होती. ती सर्वसामान्यपणे स्वीकारली जात नव्हती. मग तो पैसा होता की नव्हता? आयुष्यात एकदाच पडणारा प्रश्न! तो विचारला गेला नाही, कारण व्याख्या अर्ध्यात होती.

त्याच सुमारास सर प्राध्यापकांच्या उजळणी वर्गाला गेले आणि त्यांचे तास तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांकडे आले. या सरांकडे कागद नव्हते. पहिल्याच दिवशी म्हणाले, ज्याच्याकडे जी नोट असेल ती काढा. शंभरची निघाली. वाचा म्हणाले. आम्ही नोट आयुष्यात प्रथमच वाचली. धारकाला शंभर रुपये अदा करण्याचे वचन आणि खाली गव्हर्नरची सही. "हे वचन वसूल करायला रिझर्व्ह बँकेत गेलात तर काय मिळेल?" कोणी सोने म्हणाले, कोणी चांदी. "दुसरी शंभरची नोट," सर म्हणाले. मग त्यांनी पाकिटातून एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर वचन नाही, आणि सही आहे वित्त सचिवाची, कारण ती नोट भारत सरकार काढते, रिझर्व्ह बँक नव्हे. एवढ्यावरून त्यांनी रिझर्व्ह बँक म्हणजे काय, सरकार म्हणजे काय आणि दोघांचे हिशेब वेगळे का, हे समजावले. त्या तासाला हजेरी घ्यायची राहिली आणि एकही बाक रिकामा नव्हता.

सोमवारी त्यांनी फळा वापरला. शनिवारी, २६ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने जाहीर केले होते की १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींवर बँकांनी शंभर टक्के रोख राखावी. सरांनी नेहमीचे पतनिर्मितीचे उदाहरण घेतले. हजार रुपयांची ठेव, वीस टक्के राखीव. आठशे कर्जाऊ गेले, ते दुसऱ्या बँकेत ठेव झाले, तिथून सहाशे चाळीस, असे करत एकूण पाच हजार. मग वीस पुसून चार लिहिले. पंचवीस हजार. मग चार पुसून शंभर लिहिले आणि खडू खाली ठेवला. हजारचे हजारच राहिले. बँक एक पैसा निर्माण करू शकत नव्हती. कोणत्याही गाइडमध्ये नसलेले उदाहरण रिझर्व्ह बँकेने आमच्यासाठी प्रत्यक्षात आणून दिले होते, आणि दोन आठवड्यांत ते मागेही घेतले गेले. जो वर्ग त्या पंधरवड्यात ते शिकला तोच शिकला.

त्याच सरांनी सांगितले की डॉ. आंबेडकरांचा लंडनचा डी.एस्सी.चा प्रबंध रुपयावर होता, १९२३ मध्ये त्याचे पुस्तक झाले आणि पुढे त्यांनी हिल्टन यंग आयोगासमोर साक्ष दिली. मध्यवर्ती बँक असावी ही याच आयोगाची शिफारस. १ एप्रिल १९३५ ला रिझर्व्ह बँक सुरू झाली आणि तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आपल्या महाडकडचे चिंतामणराव देशमुख. मुंबईच्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेपासून काही तासांवरच्या कॉलेजात बसून आम्हाला यातले एक अक्षर माहीत नव्हते. कुंभार मात्र तोंडपाठ होता.

उजळणी वर्ग संपला. कायम सर परत आले. झालेला भाग कोणत्या नोंदवहीत नाही, असे म्हणून त्यांनी पुन्हा वस्तुविनिमयापासून सुरुवात केली. तरुण सर इतर तास घेत राहिले आणि सत्र संपल्यावर दिसेनासे झाले. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षी बोलावतील याची हमी नाही. पैशाविषयी आम्हाला जे काही समजले ते अशा माणसाकडून समजले ज्याचे स्वतःचे मानधन महिनोन्महिने कार्यालयात अडकलेले असे. बिलावर सह्या व्हायच्या राहिल्यात, एवढेच त्याला सांगितले जाई. ज्यांच्याकडे पिवळे कागद होते त्यांचा पगार वेळेवर जमा होत होता. हे मी रागाने लिहितो आहे आणि राग योग्य आहे असे माझे मत आहे.

मग इंटर्नल आली. प्रश्न : 'सध्याचे रोख राखीव प्रमाण व बँक दर लिहा. (२ गुण)' 'सध्याचे' हा शब्द मी दोनदा वाचला. रिझर्व्ह बँकेच्या घोषणेप्रमाणे ४ टक्के आणि पावणेसात टक्के लिहिले. पेपर हातात आला तेव्हा दोन्ही आकड्यांवर लाल काट होती आणि समासात १५ व १२ लिहिलेले होते. मी वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन स्टाफरूममध्ये गेलो. सरांनी ते शांतपणे वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाले, "हे पेपरातले आहे. आपण अभ्यासक्रमाप्रमाणे जातो." मी विभागप्रमुखांना लेखी अर्ज दिला. आवक क्रमांक पडला, पोच मिळाली, उत्तर आले नाही. ती पोच मी जपून ठेवली आहे.

ते दोन गुण अद्याप येणे आहेत. त्यांवर व्याजही धरावे, अशी माझी मागणी आहे. दर बारा टक्के लावावा. तो सरांच्याच कागदांत आहे, त्यामुळे त्यांची हरकत असण्याचे कारण नाही.