आमचं आम्ही ठरवलं!

टूर कंपनीबरोबर जाणं हल्ली कमीपणाचं झालंय. झेंडा धरलेला मॅनेजर, त्याच्यामागे पन्नास टोप्या, सहाला चहा, सातला बस आणि परदेशात वरणभात, हे सगळं काका-काकूंसाठी. क्रूझही नको, तिथं नुसतं खाणं असतं. आम्ही आमचं ठरवणार. श्रीलंका! डोंगर आहेत, समुद्र आहे, आणि ‘मालदीवपेक्षा स्वस्त पडतं’ असं भावजी म्हणालेत.

मग एक्सेल उघडतं. सात दहाला नाश्ता, सात पस्तीसला निघणे, दहा पाचला दंबुल्ला. कुठल्याही मॅनेजरनं एवढा जाच केला असता तर बसमध्ये बंड झालं असतं. इथं जाच करणारे आपणच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करायची? सगळा हिशेब पुणे-कोल्हापूर हायवेचा. कोलंबो ते कँडी सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, म्हणून दोन तास धरायचे. प्रत्यक्षात वळणावळणांचा रस्ता, नुकती सुटलेली शाळा आणि पुढे सरकारी लाल बस, की तीन-साडेतीन तास गेलेच. विमानतळही कोलंबोत नाही. तो तीसेक किलोमीटर उत्तरेला, कटुनायकेला. तिथूनच परस्पर सिगिरियाच्या खडकाकडे निघता येतं. पण नाही, पहिली रात्र कोलंबोतच, कारण ‘राजधानी बघायला नको का?’ (कागदोपत्री राजधानी शेजारची श्री जयवर्धनपुरा कोट्टे. पण हे बोलू नये, लगेच तिथलाही एक दिवस धरतील.)

पावसाचा विषय काढला की मंडळी म्हणतात, ‘अरे, कोकणासारखंच असणार.’ तसं नाही. महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढा देश, पण पाऊस दोन. मे ते सप्टेंबर नैऋत्येचा पाऊस कोलंबो, गॉल आणि डोंगरांचे पश्चिम उतार धुऊन काढतो. तेव्हा पूर्वेला त्रिंकोमाली, पासिकुडा, अरुगम बे कोरडं ठणठणीत. डिसेंबर ते फेब्रुवारी पारडं फिरतं. भिजतो तो पूर्व किनारा, आणि दक्षिणेला ऊन. एवढं डोक्यात शिरलं की अर्धी सहल ठरली. पण आपली सुट्टी ठरवते पोरांची शाळा, म्हणजे मे नाहीतर दिवाळी. मेअखेरीला जाणाऱ्यानं मुकाट पूर्वेला जावं. तो जातो गॉलकडे, कारण रीलमधला माडाला बांधलेला झोका तिकडचा होता. मग चार दिवस लाल बावट्यामागचा समुद्र खिडकीतून बघायचा, तोही ‘सी-फेसिंग’चे जादा पैसे भरून. दिवाळीत दोन पावसांच्या मधला काळ. सकाळ लख्ख, आणि दुपारी गडगडाट करून कुठंही कोसळतो. त्यावर उपाय फुकटचा आहे, दुपार मोकळी ठेवायची. पण मोकळा रकाना दिसला की आपल्या माणसाला पैसे बुडाल्यासारखं वाटतं.

देश उष्ण कटिबंधातला, म्हणून बॅगेत सगळे फुलाफुलांचे शर्ट. नुवारा एलिया हे गाव समुद्रसपाटीपासून 1868 मीटरवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा दोनशेहून जास्त मीटर वर लोक चहा पिकवतात आणि स्वेटर घालतात. तिथं संध्याकाळी हॉटेलची चादर पांघरून फिरणारी कुटुंबं ओळखायला पासपोर्ट लागत नाही.

पासपोर्ट लागतो सिगिरियाला. सार्क देशांतल्या पाहुण्यांना तिकिटात घसघशीत सूट आहे, फक्त पासपोर्ट दाखवायचा. तो हॉटेलच्या तिजोरीत, ‘सेफ’ ठेवलेला. बापाचा जीव घेऊन, मग भावाच्या धास्तीनं कश्यप राजा पाचव्या शतकात या खडकावर राहायला गेला. वर जायला बाराशेच्या घरात पायऱ्या. वाटेत पाट्या आहेत, आवाज करू नका, गांधीलमाश्या उठतात. ही पाटी मोठ्यांदा वाचून दाखवणारा माणूस आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. वाचून झाल्यावर तो मागे राहिलेल्या वहिनींना हाक मारतो.

आणि सहल कितीही स्वतंत्र असो, तिचा खरा मालक ड्रायव्हर. माणूस गोड, इंग्रजी मोडकंतोडकं, धोनी आवडतो. सिगिरियाहून कँडीला येताना मातळे लागतं, तिथं गाडी आपोआप वळते आणि मसाल्याच्या बागेत उभी राहते. एक्सेलमध्ये हा थांबा नसतो. फुकट मसाज होतो, दालचिनीच्या तेलानं गुडघे बरे होतात असं कळतं, आणि बाहेर पडताना हातात पिशवी असते. टूर कंपनी दुकानात नेते म्हणून नाकं मुरडणारे हेच.

जेवणाचं फार नाही सांगत, जेवण झकास असतं. फक्त एक. शाकाहारी पाहुणे आप्पमबरोबर ओल्या खोबऱ्याची लालभडक चटणी, पोल सांबोल, तीन-तीनदा मागून घेतात. ‘अगदी आपल्यासारखी हो!’ म्हणतात. तिच्यात पुष्कळदा उंबलकड असतं, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा. मालवणकर जागच्या जागी ओळखतो आणि गालात हसतो. बाकीच्यांना कुणी सांगू नये, चव जाते.

शेवटची रात्र बीचवर, तीही पौर्णिमेला, चांदण्यासाठी मुद्दाम निवडलेली. श्रीलंकेत दर पौर्णिमेला ‘पोया’ची सार्वजनिक सुट्टी असते, बारा महिने. वैशाखातली बुद्धजन्माची, ज्येष्ठातली महिंद बौद्ध धर्म घेऊन आला त्याची, आणि आपल्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास कँडीच्या हत्तींच्या मिरवणुकीची सांगता. हे सगळं एखाद्या दिवसाच्या फरकानं स्वयंपाकघरात टांगलेल्या कालनिर्णयावर दिसतं. पण पाच ॲप उतरवून घेणाऱ्याला भिंतीकडे बघायला वेळ कुठला? पोयाला दारूविक्री बंद. चंद्र मस्त वर आलेला, सोडा आणि शेंगदाणे तयार, बारला कुलूप. ‘कुठं सोय होईल का रे?’ म्हणून ड्रायव्हरला शोधावं, तर तो सकाळीच पांढरे कपडे घालून विहारात गेलेला.