खोलीभाड्याची शस्त्रक्रिया

आरोग्य विमा घेताना आपण हप्ता बघतो, एजंट कमिशन बघतो. अटी दिसतात त्या थेट क्लेमच्या दिवशी.

स्वस्तातल्या पाच लाखांच्या पॉलिसीत बारीक टाइपात एक ओळ असते: खोलीभाडं विमारकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही घेता ८,००० ची खोली. वरचे ३,००० खिशातून टाकू, त्यात काय! पण ‘प्रमाणशीर कपात’ नावाचं कलम आता सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर अशा सगळ्यांच्या बिलातले आठांतले पाचच हिस्से मान्य करतं. हा खर्च दोन लाख झाला, तर ७५,००० तुमच्या बोडक्यावर. अपेंडिक्स तेच, पण खिडकीतून झाड दिसलं ना!

मधुमेह आधीपासून असेल, तर त्यानंही शिस्त पाळायची. आधीच्या आजारांचा क्लेम मिळण्यासाठीची प्रतीक्षा विमा नियामकानं २०२४ मध्ये चारवरून कमाल तीन वर्षांवर आणली. तोवर साखरेनं कळ काढावी.

उपाय आहे: खोलीभाड्याला मर्यादा नसलेली बेताची पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे ठरलेल्या रकमेपुढचा खर्च उचलणारी दुसरी पॉलिसी. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. शिवाय न पटलेली पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात. तेवढ्या दिवसांत आपण ती पीडीएफ उघडतही नाही. करबचतीची पावती मात्र त्याच संध्याकाळी सीएला पोचलेली असते.