नंबर खालसा

साताऱ्याच्या माणसाने कंपनीपुढे दत्तकाचा विषय काढू नये. १८४८ साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज वारले. वारण्याआधी त्यांनी दत्तक घेतला होता. डलहौसीसाहेबाच्या कंपनीचं उत्तर आलं: दत्तक नामंजूर, राज्य खालसा. इतका चोख दाखला गावातच असताना आमचे काका परवा शनिवार पेठेतल्या घराच्या पायरीवर उभे राहून इंटरनेट विकायला आलेल्या एका पोराला विचारत होते, "तुमचं कनेक्शन घेतो, पण आमचा लँडलाईनचा नंबर तुम्ही तुमच्याकडे घ्यायचा. जमेल?"

पोरगा नम्र होता. "काका, नंबर नवीन मिळेल. फ्रीमध्ये."

काकांना फ्री या गोष्टीचा राग नाही. सहा महिन्यांचा फ्री ओटीटी त्यांनी निमूट स्वीकारला असता. पण ०२१६२ च्या पुढचे ते आकडे त्यांच्या वडिलांनी वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर राहून मिळवलेले. पुढे नंबराच्या आधी २ लागला आणि ते सहा झाले. त्या दिवशी घरात बढती मिळाल्यासारखे पेढे वाटले होते म्हणतात. हा नंबर भावंडांच्या लग्नपत्रिकांवर आहे, एलआयसीच्या पॉलिसीवर आहे, गॅसच्या पुस्तकावर आहे आणि मोती चौकातल्या एका दुकानदाराच्या उधारीच्या वहीतही आहे. एवढ्या ठिकाणी असून त्यावर फोन मात्र दोघींचेच येतात: पर्सनल लोन देणाऱ्या बाईचा आणि सांगलीच्या आत्याचा. त्यातली लोनवाली बाई जास्त आपुलकीने बोलते, असं काकू सांगतात.

मोबाईलवाल्यांचं बरं आहे. २०१० च्या नोव्हेंबरात हरियाणापासून सुरुवात झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर कुणीही आपला नंबर बगलेत मारून दुसऱ्या कंपनीत जाऊ लागला. १९०० या नंबरावर 'पोर्ट' असा मेसेज टाकायचा, कोड येतो, काम झालं. काकांनी हा नियम वाचला आणि आपला फोन उलटासुलटा करून पाहिला. मेसेज टाकायला जागा नव्हती. लँडलाईनला ही मुभाच नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरच्या फोनचे आकडे सरकारने कंपन्यांना गठ्ठ्यागठ्ठ्याने वाटून दिलेले आहेत; २ ने सुरू होणारा गठ्ठा सरकारी कंपनीचा, बाकीचे आकडे बाकीच्यांचे. तुम्ही बिल भरा, फोन पुसा, त्याला विणलेलं झाकण घाला, हयातभर तोंडपाठ ठेवा. मालक तुम्ही नाही. तुम्ही कूळ. आणि कसेल त्याची जमीन हा कायदा फोनला लागू झालेला नाही.

काकांचा पुतण्या न्यू जर्सीत असतो. त्याने तिथल्या घराचा जुना नंबर केव्हाच इंटरनेटच्या फोनवर नेला. डबी राउटरला जोडली, अर्ज केला, थोड्या दिवसांत नंबर आला. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यानेच कंपन्यांवर बंधन घातलंय की गिऱ्हाईक जाईल तर नंबर अडवायचा नाही. "म्हणजे तिकडे दत्तक मंजूर!" काका म्हणाले, आणि बराच वेळ अमेरिकेबद्दल चांगलं बोलले. एरवी बोलत नाहीत.

मग त्यांनी अर्ज लिहायला घेतला. रंगो बापूजी गुप्ते साताऱ्याच्या छत्रपतींची कैफियत घेऊन लंडनला गेले आणि चौदाएक वर्षं तिथे साहेबांचे उंबरे झिजवत राहिले, हे काकांना शाळेपासून पाठ. त्यामुळे कंपनीच्या तक्रार केंद्राने डॉकेट नंबर दिला तेव्हा ते डगमगले नाहीत. अडचण वेगळीच निघाली. फोन अजून आजोबांच्या नावावर. बिल आजही आजोबांना येतं आणि ते वेळेवर भरलं जातं, म्हणून मरणोत्तर त्यांची पत घरात सगळ्यात चांगली आहे. नाव बदलायचं तर मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची ना-हरकत हवी. वारस पाच. त्यातले एक पुण्याला असतात आणि शेताच्या वाटणीपासून बोलत नाहीत. शेत वाटलं गेलं, घराच्या खोल्या वाटल्या गेल्या, तांब्याचे हंडे तर तोलून वाटले. फोनचा नंबर तेवढा राहिला. सहा आकडे पाच जणांत कसे वाटणार? अशा रीतीने या घराण्याची अखेरची अविभक्त मिळकत म्हणजे ०२१६२ नंतरचा मजकूर. पुण्याच्या काकांनी सही द्यायचं कबूल केलं, पण "त्या नंबरात माझाही हिस्सा आहे, हे कागदावर लिहा" अशी अट घातली. ती अट सध्या विचाराधीन आहे.

सांगलीत गावभागातल्या आत्याचं काम मात्र बिनबोभाट झालं. तिने कंपनी बदललीच नाही. त्याच कंपनीची तांब्याची तार काढून फायबर घेतलं. तसं केलं की नंबर तोच राहतो, ०२३३ आणि पुढचे सात आकडे जसेच्या तसे. काकांना हे लागलं. "सांगलीच्या गादीलाही १९०३ साली दत्तक मंजूर झाला होता. पटवर्धनांचं पहिल्यापासून वर जमतं," असं ते म्हणाले. १९०३ पर्यंत ती जुनी कंपनी बुडून गेली होती, हे त्यांना आठवण करून द्यायची कुणाची हिंमत झाली नाही.

आत्याचा आनंद दोन दिवस टिकला. काचेचा बारीक धागा भिंतीतून आत आला, डबी लागली, डबीवर हिरवे दिवे लागले आणि तिचा काळा, चकतीचा फोन मुका झाला. आवाज येतो, घंटी वाजते, पण चकती फिरवली की डबीला काही कळत नाही. ती बटणांचे सूर ओळखते, चकतीचे ठोके नाही. आत्या बटणांचा फोन घेऊन आली. मग कळलं की डबीला लाईट लागते.

इथे सांगलीकराच्या कपाळावर आठी पडते आणि ती पडायलाच हवी. जुन्या फोनला घरच्या लाईटशी घेणंदेणं नव्हतं. एक्सचेंजमधल्या बॅटऱ्यांतून तांब्याच्या तारेवर ४८ व्होल्ट यायचे, त्यावर गल्ली अंधारात असतानाही फोन चालू. काचेतून उजेड येतो, वीज येत नाही. महावितरणने डोळा मिटला की नवा फोनही मिटतो. आणि गावभागात फोन खरा लागतो तो पावसाळ्यात. कोयना साताऱ्याच्या काकांच्या जिल्ह्यात भरते आणि आत्याच्या दारात उतरते. कराडला कृष्णेला मिळालेलं ते पाणी सांगलीला पोचायच्या आत बातमी पोचवायचं काम या दोन नंबरांनी आजवर केलं. संवाद ठरलेला. "किती सोडलंय?" आत्या विचारणार. काका क्युसेकमध्ये आकडा सांगणार. मग आत्या आयर्विन पुलाची पातळी सांगणार: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. आता मोबाईलवर पाटबंधारे खात्याचा आकडा येतो, टीव्हीवर बातमीदार पाण्यात उभा राहून पाणी दाखवतो. तरी काकांच्या तोंडून आल्याशिवाय आत्या धान्याची पोती माडीवर हलवत नाही. "टीव्हीवाले काय, सांगायलेत म्हणून सांगायलेत. भावानं सांगितलं की खरं की!"

म्हणून आता फोनसाठी इन्व्हर्टर आला. फोनचं बिल महिन्याला काही शे रुपये आणि तो चालू राहावा म्हणून काही हजारांची बॅटरी. मोबाईल आहे, असं भाचा म्हणाला. त्यावर आत्याने त्याला मोबाईल शेवटचा कधी चार्ज केला होता असं विचारलं.

हा प्रश्न फक्त गावभागाचा आहे असंही नाही. इंग्रजांनी त्यांच्या देशातले तांब्याच्या तारांवरचे जुने फोन २०२५ अखेर बंद करायचं ठरवलं होतं. मग लक्षात आलं की एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातली मदतीची बटणं त्याच तारांवर चालतात. मुदत जानेवारी २०२७ पर्यंत गेली. आपल्याकडे मुदत वगैरे लागत नाही. तारा आपोआप जमिनीत कुजतात, रस्ता खोदताना तुटतात, आणि कुठला जोड कुठल्या खांबाखाली आहे हे तोंडपाठ असलेले लाईनमन ३१ जानेवारी २०२० रोजी, सरकारी कंपनीच्या अठ्ठ्याहत्तर हजारांच्या आसपास कर्मचाऱ्यांबरोबर एका दिवसात स्वेच्छेने घरी गेले.

काकांचा अर्ज तेवढा अजून स्वेच्छेने कुठे गेलेला नाही. दरम्यान त्यांना नवी धास्ती लागली आहे. २०२१ च्या जानेवारीपासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य फिरवावं लागतं, ते त्यांनी कसंबसं पचवलं. आता दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२५ मध्ये शिफारस केली आहे की लँडलाईनवरून लँडलाईनला लावतानाही, गावातल्या गावात का असेना, शून्य आणि कोड लावावा. जुने नंबर बदलणार नाहीत, हेही त्यात आहे. पण तिथवर काकांनी वाचलंच नाही. पेपर खाली ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे पोवई नाक्यावरून राजवाड्याला लावायचा तर एसटीडी? मग रात्री अकरानंतर लावलेला बरा. तेव्हा दर कमी असतो."